खांबापर्यंतचा आवाज

“आवाज आला पाहिजे, खरखर नाही.”

खांबकाका हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणत, ते मोजायला कुणी बसलं नाही. गिऱ्हाईक बंद पडलेला रेडिओ टेबलावर ठेवून त्याचं दुखणं सांगू लागलं, की काका हात वर करून त्याला थांबवत आणि हे वाक्य पुढे ठेवत. दुरुस्त झालेला सेट परत देतानाही हेच. त्यांची बायको सांगायची, “लग्नात बँडवाल्यालासुद्धा हेच म्हणाले होते. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.”

घराच्या तळमजल्यावर, रस्त्याकडेची आठ बाय दहाची खोली म्हणजे त्यांचं दुकान. टेबलावर जुन्या कांबळ्याचा तुकडा पसरलेला, स्क्रू घरंगळून जाऊ नयेत म्हणून. भिंतीला खिळे, खिळ्यांना पकडी आणि कटर, आणि सगळ्यावर सोल्डरच्या राळेचा जळका गोडसर वास. त्या खोलीत गेलं की माणूस आपोआप हळू बोलायचा. काका सेटच्या लाकडाला कान लावून बसलेले असत, आणि वैद्य नाडी धरून बसला असताना कोण मोठ्यानं बोलतं?

खांबकाका हे नाव गल्लीनं दिलेलं. सेट दुरुस्त झाला की काका तो उंबऱ्यावर ठेवत, आवाज मध्यम करत, आणि रस्त्यानं सरळ चालू लागत ते दिव्याच्या खांबापर्यंत. बेचाळीस पावलं. तिथे दुकानाकडे पाठ करून उभे राहत आणि ऐकत. बातम्या वाचणाऱ्याचा शब्द न् शब्द तिथवर पोचला, तर पाठमोरेच उजवा हात वर करत. हात वर झाला, की काम झालं. नाही झाला, तर परत येऊन सेट पुन्हा उघडला जाई, मग गिऱ्हाईकाची गाडी चुकली तरी बेहत्तर.

दुसरी एक रीत होती. सेटमधला मेलेला ट्रान्झिस्टर, तीन पायांचा तो इवलासा भाग, ते नुसता टाकत नसत. आधी कटरनं त्याचा मधला पाय मुळाशी तोडत, मगच तो पत्र्याच्या डब्यात पडे. चुकून तो पुन्हा कुणाच्या सेटमध्ये जाऊ नये. “मेलेला परत उठून बसायला नको,” असं ते म्हणत. चाळीस वर्षांचे मेलेले त्या डब्यात होते, सगळे तीनऐवजी दोन पायांचे.

अशा माणसाच्या घरात सून आली ती बेस गिटार वाजवणारी.

मुलगा मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. सून वरच्या खोलीत. सासरा आणि सून यांच्यात दोन वर्षांत जे बोलणं झालं, ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं: जेवलात का, दार लावून घ्या, साहेबांचा फोन आला होता. काका मुलाला साहेब म्हणत. बाकी मग वरून तो आवाज यायचा. त्याला आवाज तरी कसं म्हणावं, तो कानाला कमी आणि पायाला जास्त कळायचा. वर तिनं जाड तार छेडली की खाली खिळ्यावरची पक्कड थरथरायची. काकांनी कधी तक्रार केली नाही. एक दिवस उठून पकडीच्या मागे कापसाचा बोळा लावला, इतकंच.

त्या सोमवारी सकाळी सून पहिल्यांदा दुकानात कामासाठी आली. हातात शिवणाच्या दोऱ्यांचा असतो तसा पत्र्याचा डबा. वर एक दाबायचं बटण, बाजूला तारा खुपसायची दोन भोकं.

“बाबा, हे दुरुस्त होईल का? मध्येच बंद पडतंय. मैत्रिणीनं घरी बनवलेलं आहे, तीही आता परदेशी गेली. फोन उचलत नाही.”

“करतं काय हे?”

“गिटारचा आवाज यातून जातो. पायानं दाबलं की बदलतो.”

कसा बदलतो ते काकांनी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. पुढचा सगळा आठवडा त्या एका न विचारलेल्या प्रश्नानं खाल्ला.

काकांनी दिवसभर त्या डब्यावर मन लावलं. एक सांधा सुटला होता तो पक्का केला. एवढ्यावर थांबते तर ते खांबकाका कसले. मीटर लावून पाहिलं तर आत सगळाच सावळागोंधळ. पत्र्याच्या टोपीचे दोन जुने ट्रान्झिस्टर, त्यातला एक गळका, म्हणजे बंद असतानाही वीज झिरपू देणारा. आवाज डोक्याशी आणि पायाशी कापला जात होता. बिचाऱ्या मुलीला कुणी शिकवलं नसेल, असं म्हणून त्यांनी दोन्ही ट्रान्झिस्टर काढले, मधले पाय तोडले, मेलेल्यांच्या डब्यात टाकले. नवे घातले. रेझिस्टन्स बदलले. आवाज कुठेही कापला जाणार नाही इतका वाव करून दिला. संध्याकाळी सुनेला उंबऱ्यावर गिटार घेऊन उभं केलं, डबा मध्ये घालून ती दुकानातल्या एका मोठ्या रेडिओला जोडली, आणि स्वतः खांबाकडे निघाले.

तिनं डबा दाबून तार छेडली. बेचाळीस पावलांवर, खांबाखाली, तो स्वर धुतल्या भांड्यासारखा लख्ख पोचला. काकांचा हात वर गेला.

परत येऊन पाहतात तर सुनेचा चेहरा पडलेला.

“काय झालं?”

“खरखर गेली, बाबा.”

“गेली ना. मुळासकट.”

“तीच तर हवी होती.”

काका तिच्याकडे बघत राहिले. आपण ऐकलं ते तिनं म्हटलंच नसेल, असं त्यांना आधी वाटलं. मग वाटलं, ही चेष्टा असेल. पण पोरगी चेष्टा करणारी नव्हती. ती पायरीवर बसली आणि एकेक करून सगळं सांगितलं. तिच्या बँडमध्ये चार जण. रविवारी चार वाजता गिरणी कामगारांच्या सभागृहात कार्यक्रम. त्यात दहा गाणी, आणि त्यातलं एकच तिनं स्वतः रचलेलं. ते गाणं सुरू होतं ते बेसच्या फाटक्या, घोगऱ्या, गुरगुरणाऱ्या स्वरानं. या डब्याचं काम तेच, आवाज फाडायचा. त्याला फझ म्हणतात. ड्रमवाल्यानं बजावलं होतं: तो आवाज नसेल तर ते गाणं लुळं आहे, मग नऊच वाजवू.

“मग जुने ट्रान्झिस्टर परत घालू,” काका म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर मेलेल्यांच्या डब्याकडे गेली.

दोघांनी तो कांबळ्यावर उपडा केला. शेकडो. सगळ्यांचे मधले पाय मुळाशी छाटलेले, नंबर पुसलेले. हाताला सवय इतकी लागलेली, की ते दोन कुठले हेही सांगता येईना.

“असू दे, बाबा,” सून म्हणाली.

रागावली असती तर बरं झालं असतं. ते ‘असू दे’ काकांना रात्रभर टोचत राहिलं.

मंगळवारी ते बाजारात गेले. पार्टवाल्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते बैलगाडीचा आरा मागायला आले आहेत. “काका, पत्र्याच्या टोपीचे? ते आता कुणी बनवत नाही. आणि त्यातही गळका? गळका कोण मागतं?”

“मीही तेच म्हणतोय,” काका म्हणाले आणि परत आले.

मग नव्या ट्रान्झिस्टरवरच प्रयोग सुरू झाले. सून वरून गिटारचा आवाज मोठा करणारा अँप खाली घेऊन आली, दुकानातल्या स्टुलावर बसली. काका एक तार जोडत आणि तिच्याकडे बघत. असं संभाषण त्या खोलीनं कधी ऐकलं नव्हतं.

“बिघडलं का?”

“नाही अजून. थोडं बिघडवा.”

“आता?”

“आता बिघडलंय, पण चुकीचं बिघडलंय.”

“चुकीचं बिघडलंय म्हणजे?”

“डास कानाशी आल्यासारखं होतंय. मला जाडं हवंय. म्हणजे बघा, जुन्या घोंगडीसारखं.”

काका पेन्सिल कानामागे खोचून विचार करत बसले. चाळीस वर्षं त्यांच्यासमोर एक सरळ रस्ता होता: बरोबर आवाज एक असतो आणि बाकी सगळे चूक. आता ही पोरगी सांगत होती की चुकांमध्येही एक बरोबर चूक असते, आणि ती ओळखायला त्यांच्यापाशी मीटर नव्हतं. चांगलं काय ते त्यांचा कान सांगायचा. वाईटातलं चांगलं कोण सांगणार? गिऱ्हाईक आलं, तर काकांनी त्याचा रेडिओ उघडून अर्धा तास तसाच पुढ्यात ठेवला आणि शेवटी म्हणाले, “उद्या या. आज मला काही कळत नाहीये.” गिऱ्हाईक घाबरून गेलं.

गुरुवारी जेवताना ते ताटापेक्षा स्वयंपाकघरातल्या रेडिओकडे जास्त बघत होते. तो बायकोचा रेडिओ, तिनं माहेरून आणलेला. जुना झाला तशी त्यात मागून एक बारीक खरखर सतत असायची. बायको एकोणीस वर्षं सांगत होती, आणि काकांना एकोणीस वर्षं वेळ नव्हता. बाहेरच्यांचं आधी.

घास हातातच राहिला. “याच्यात पत्र्याच्या टोपीचे आहेत,” ते म्हणाले. “आणि एक गळका आहे.”

बायकोनं पोळपाटावरून मान वर केली. “अहो, एकोणीस वर्षं मी म्हणतेय काढा ती खरखर. आज काढताय, ती सुनेला द्यायला?”

सून ओशाळली. “आई, राहू द्या. तुमचा रेडिओ कशाला उघडायचा.”

“अगं ने गं. माझ्या सासूनं मला पाटल्या दिल्या होत्या. मी तुला खरखर देते. ज्याचं त्याचं नशीब.”

रेडिओ उघडला. दोन ट्रान्झिस्टर अलगद काढून काकांनी तळहातावर घेतले आणि सवयीनं हात कटरकडे गेला. सुनेनं मनगट धरलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्यांना हात लावला होता. काका म्हणाले, “कटर तूच ठेव तुझ्यापाशी.”

संध्याकाळपर्यंत नवा डबा बांधला गेला. शिवणाचा डबा पायाखाली चेपायचा, म्हणून वायरिंगसाठी असते तशी जाड लोखंडी पेटी घेतली. भोकं पाडताना काकांनी ड्रिल धरलं, पेटी सुनेनं. सोल्डर कसं धरायचं तेही तिला दाखवलं: आधी जागा तापव, मग शिसं आपण होऊन धावत येतं, त्याला ढकलायचं नाही. तिचा पहिला सांधा ओबडधोबड झाला, दुसरा बरा, पाचवा काकांना आपला वाटला.

आवाज आला. सून म्हणाली, “हाच.” आणि लगेच म्हणाली, “पण खालचं कुठेतरी जातंय. जमीन नाहीये.”

हे मात्र काकांच्या आवाक्यातलं होतं. जाड स्वराला आत यायचं दारच अरुंद होतं. त्यांनी आतल्या तोंडाशी मोठा कंडेन्सर बसवला. आणि मग, सून चहा करायला आत गेली असताना, त्यांनी आणखी एक गोष्ट केली. गिटारच्या तारेपासून एक वेगळी वाट काढली, ट्रान्झिस्टरना वळसा घालून, साधी, स्वच्छ, कुठेही न फाटणारी, आणि ती शेवटी खरखरीला नेऊन मिळवली. एवढ्या सगळ्या बिघाडात आपल्या हातचं थोडं तरी शुद्ध राहावं, म्हणून. चोरी केल्यासारखं झाकण लावलं.

सुनेनं तार छेडली. खिळ्यावरची पक्कड कापसासकट थरथरली. वर ती घोंगडी, आणि तिच्याखाली भक्कम, सपाट, पाय रोवून उभं राहावं असं काहीतरी.

“बाबा, काय केलंत?”

“काही नाही,” काका म्हणाले. आपण स्वतःसाठी चोरून घातलेली स्वच्छ वाट तिला कामाला कशी आली, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही.

शुक्रवार ढगाळ होता, छान गेला. शनिवारी भर दुपारी तोच डबा फुरफुर करून गुदमरला. स्वर निघायचा आणि मध्येच तुटायचा, घशात घास अडकल्यासारखा. काकांनी सगळं उघडलं. एकेक सांधा तपासला, एकेक तार ओढून पाहिली. सगळं जागच्या जागी. संध्याकाळी, काही न करता, डबा पुन्हा खुशाल गुरगुरू लागला. काकांनी कपाळाला हात लावला. बिघडलेलं यंत्र त्यांना कळत होतं. बिघडवलेलं यंत्रही आता थोडंफार कळू लागलं होतं. पण बिघडवलेलं यंत्र बिघडलं आणि आपोआप सुधारलं, म्हणजे आता ते नक्की कुठल्या अवस्थेत आहे?

“उद्या गाणं काढून टाकू का?” सुनेनं हळूच विचारलं. ड्रमवाल्याला तिनं शुक्रवारीच कळवून टाकलं होतं की आवाज तयार आहे.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, “दुपारी तो असंच करायचा.”

“कोण?”

“माझा रेडिओ. ऊन चढलं की घसा धरायचा. मी त्याला दुपारी ओट्यावरून काढून खाली फरशीवर ठेवायचे. संध्याकाळी परत वर.”

“मला का नाही सांगितलंस?”

“विचारलंत कधी?”

ऊन म्हटल्यावर पुढचं काकांच्या डोक्यात उजाडलं. जुना गळका ट्रान्झिस्टर तापला की अधिक गळतो, आणि सगळा तोल ढळतो. पेटीच्या कडेला त्यांनी आणखी एक भोक पाडलं आणि तोल सावरायचं एक लहान फिरवायचं बटण बाहेर काढलं. “ऊन चढलं की हे डावीकडे. गार झालं की उजवीकडे.” सांगताना त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. हवा कशी आहे ते ज्याला सांगावं लागतं, असं यंत्र त्यांच्या टेबलावरून आजवर बाहेर गेलं नव्हतं.

रात्री बायकोनं आपला रेडिओ लावला. नव्या ट्रान्झिस्टरवर तो स्वच्छ बोलत होता. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “हा माणूस परका वाटतो हो.” आणि बंद केला.

रविवारी सभागृहाचं पत्र्याचं छप्पर तापून तडतडत होतं. हवा यावी म्हणून मंचासमोरची मोठी दारं सताड उघडी. मंचावरून सरळ बाहेरचा रस्ता दिसायचा. काका आणि बायको तिसऱ्या रांगेत. काका इस्त्रीच्या शर्टात, खिशात स्क्रूड्रायव्हर.

सात गाणी झाली. आठव्याला सून पुढे आली, पायानं पेटी दाबली आणि तार छेडली. फुर्र. तुटलं. ड्रमवाल्यानं मान फिरवून तिच्याकडे पाहिलं. तो डोळ्यांनीच म्हणत होता, नववं घेऊया. सून खाली वाकली. तिसऱ्या रांगेत काकांची दोन बोटं स्वतःच्या गुडघ्यावर डावीकडे फिरत होती. डावीकडे, अजून जरा, पुरे.

ती उठली. पुन्हा तार छेडली, आणि तो आवाज आला.

खुर्च्यांच्या पायांतून आला, पत्र्यातून आला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं छातीवर हात ठेवला. ध्वनियंत्राच्या टेबलाशी बसलेला तरुण दचकून पुढे झुकला आणि त्यानं बेसचा आवाज कमी करायची पट्टी खाली ओढायला हात घातला. काका त्या वयाला शोभणार नाही इतक्या चटकन उठून त्याच्यापाशी पोचले.

“हात लावू नका.”

“काका, स्पीकर फाटतोय. खरखर येतेय.”

काकांनी तोंड उघडलं. चाळीस वर्षांचं वाक्य जिभेवर आलं होतं, अर्धं बाहेरही पडलं. “आवाज आला पाहिजे...” आणि मग पुढचं सापडेना. मंचावर सून गात नव्हती, नुसती वाजवत होती, डोळे मिटून, आणि ड्रमवाला आता तिच्या मागोमाग धावत होता.

“येऊ दे,” काका म्हणाले.

तरुणानं हात मागे घेतला.

पण काकांचं समाधान झालेलं नव्हतं. हे चांगलं आहे की नाही, ते त्यांना इथे उभं राहून कळेना. कळायची त्यांची एकच रीत होती. ते खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं सरळ दाराकडे निघाले. बायकोनं पिशवी मांडीवरून काढून बाजूला ठेवली आणि मान वळवली. सुनेनं डोळे उघडले तेव्हा ते पायऱ्या उतरत होते.

ती वाजवत राहिली. चार मात्रांनी संपायचा स्वर तिनं धरून ठेवला, बाकीचे गोंधळले तरी धरून ठेवला. बाहेर उन्हात काका हात मागे बांधून चालत होते, पावलं मोजत असावेत. इथलाही एक दिव्याचा खांब आला. ते थांबले, दोघींकडे पाठ करून. उजवा हात सुटला, खांद्यापर्यंत वर गेला, आणि मग कानामागे काहीतरी खाजवत राहिला. मग तो खाली आला. काका परत फिरले नाहीत. त्यांनी पुढे बघितलं, पुढच्या खांबाकडे, आणि आवाज तिथवरही येतो का ते ऐकायला तिकडे चालू लागले. दारातून ते लहान लहान होत गेले, आणि त्यांना जाताना पाहत होत्या दोघी, एक खुर्चीत मागे वळून बसलेली, एक मंचावर, तारेवर बोट दाबून.